यंत्रावरील चाकी आणि पाना : निवड, वापर व सुधारणा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे धानाचे आणि जंगलाचे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते एकच होते, आणि शेतीच्या दृष्टीने त्यांचे प्रश्न आजही पुष्कळसे सारखे आहेत. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेडा या भागांतील बांध्यांमध्ये चिखलणीसाठी पॉवर टिलर व ट्रॅक्टर, तळ्याबोडीचे पाणी उचलण्यासाठी इंजिने व विद्युत्‌ पंप, आणि धान चुरण्यासाठी मळणी यंत्रे वापरात आली आहेत. यंत्र आले म्हणजे त्याच्याबरोबर शेकडो बोल्ट आणि चाक्या येतात. ज्यास बाजारात नट म्हणतात तीच आपली चाकी.

यंत्र बंद पडण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी एक कारण अगदी क्षुल्लक दिसते व म्हणूनच दुर्लक्षिले जाते. ते म्हणजे चाकीचे कोपरे झिजणे. कोपरे झिजलेली चाकी आवळता येत नाही आणि सोडवताही येत नाही. रोवणीच्या दिवसांत पॉवर टिलरच्या जाळीच्या चाकाची एक चाकी अशी गोल झाली, तर काही रुपयांच्या वस्तूपायी सबंध यंत्र धुऱ्यावर उभे राहते, पऱ्हे वयात येऊन खोळंबतात आणि लावलेली मजुरी वाया जाते. शहरानजीकच्या गावी मेकॅनिक तासाभरात येऊ शकेल. पण पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा मार्गच बंद होतो. अशा भागातील शेतकऱ्याला मेकॅनिकची वाट पाहून चालत नाही. यास्तव चाकीचा कोपरा गावातच वाचविला पाहिजे, आणि तो वाचविणारे साधन म्हणजे योग्य पाना होय.

पाना शेतकऱ्याच्या घरी कसा आला

आपला जुना लाकडी नांगर पाचरींवर उभा होता. फाळ ढिला झाला की शेतकरी बांधावरचा दगड उचलून पाचर ठोकी आणि काम पुढे चालू करी. कोणत्याही पाचरीला कोणताही दगड चालत असे. पुढे १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी येथे त्यांचा कारखाना सुरू झाल्यानंतर असे नांगर महाराष्ट्रात दूरवर पोहोचले. लोखंडी नांगराचे भाग बोल्टने जोडलेले असल्यामुळे झिजलेला फाळ काढून नवा बसविण्याची सोय झाली. परंतु त्याबरोबर शेतकऱ्यावर एक नवी जबाबदारी आली. पाचरीला दगड चालतो, तसा चाकीला चालत नाही. प्रत्येक चाकीला तिच्याच मापाचा पाना लागतो. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे आजही अनेक ठिकाणी चाकीवर छिन्नी, पकड व हातोडा यांचा प्रयोग होताना दिसतो.

पाना काम कसे करतो

पाना ही एक तरफ आहे. दांड्याच्या टोकाला लावलेला जोर लांबीच्या प्रमाणात वाढून चाकीवर पोहोचतो. तो चाकीच्या नेमक्या कोणत्या भागावर पडतो, हे मात्र जबड्याच्या मापावर अवलंबून असते.

चाकीला सहा सपाट बाजू व सहा कोपरे असतात. चाकीचे माप समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतरावरून ठरते. १६ मि.मी. मापाच्या चाकीचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे साडेअठरा मि.मी. भरते. म्हणून १९ चा पाना तिच्यावर नुसता गरगर फिरतो, हे सर्वांस ठाऊक आहे. खरे नुकसान होते ते १७ च्या पान्याने, कारण तो फिरत नाही. तो पकडतो, परंतु चुकीच्या जागी पकडतो.

चाकीवर पाना सहज चढावा म्हणून जबडा चाकीपेक्षा किंचित, साधारणतः पाव मि.मी. मोठा ठेवलेला असतो. १६ च्या चाकीवर १६ चा पाना बसविल्यास तो मधल्या स्थितीपासून दीड-दोन अंश फिरतो आणि टेकतो. तेथे १७ चा पाना बसविला तर तो सुमारे ९ अंश फिरल्यावर टेकतो. टेकताना जबड्याची बाजू चाकीच्या सपाट बाजूला न भिडता केवळ कोपऱ्याला भिडते. २० सें.मी. लांबीच्या पान्यावर २० किलो जोर लावला असता योग्य पान्याने एका कोपऱ्यावर सुमारे ४५० किलो भार पडतो, तर १७ च्या पान्याने तोच भार सुमारे ६०० किलो होतो. म्हणजे भार अधिक आणि तो पेलणारी जागा कमी. साध्या लोखंडाचा कोपरा अशा वेळी चिरडला जाऊन गोल होतो. एकदा गोल झालेल्या कोपऱ्यावर पुढच्या वेळी योग्य पानाही घसरतो.

टोकाच्या हालचालीची कसोटी

शेतावर मोजमापाचे उपकरण जवळ नसले तरी पाना योग्य आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. चाकीवर पाना चढवावा व जोर न लावता त्याचा दांडा एका बाजूला टेकेपर्यंत आणि मग दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत हलवावा. दांड्याचे टोक चाकीपासून सुमारे २० सें.मी. दूर असेल, तर योग्य पान्याचे टोक एक ते दोन सें.मी. हलते. १६ च्या चाकीवरील १७ च्या पान्याचे टोक सुमारे सहा सें.मी. हलते. टोक तीन सें.मी.हून अधिक हलत असेल, तर त्या पान्याने जोर लावू नये. एक तर माप चुकले आहे, नाही तर पान्याचा जबडा फाकला आहे, किंवा चाकी झिजली आहे. तिन्हींपैकी काहीही असले तरी पुढे जाणे इष्ट नाही.

ही कसोटी दहा सेकंदांत होते. शेतकरी बंधूंनी आणि यंत्र चालविणाऱ्या तरुणांनी ती हाताच्या सवयीत उतरवावी, एवढीच या लेखाची मुख्य विनंती आहे.

मापांचा घोटाळा

योग्य पाना निवडण्यात चूक होते, तीस केवळ निष्काळजीपणा कारण नाही. मापांच्या पद्धतीच अनेक आहेत. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी बोल्टच्या आट्यांसाठी एकच प्रमाण असावे अशी सूचना केली. तत्पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत, आणि एका कारखान्याची चाकी दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी आट्यांचा कोन बदलून दुसरे प्रमाण सुचविले. युरोप खंडात मेट्रिक मापे रूढ झाली. भारताने १९५६ च्या अधिनियमान्वये मेट्रिक मापे स्वीकारली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला. यंत्रे मात्र माणसाच्या अधिनियमापेक्षा अधिक काळ जगतात. जुन्या संथ गतीच्या डिझेल इंजिनांवर आणि काही जुन्या ट्रॅक्टरांवर इंची मापाच्या चाक्या अजून आढळतात.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. मेट्रिक पान्यावर छापलेला आकडा जबड्याची रुंदी दाखवितो. व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावरील आकडा मात्र बोल्टचा व्यास दाखवितो, जबड्याची रुंदी नव्हे. म्हणून दोन्ही आकड्यांची तुलना करून पाना निवडता येत नाही.

मेट्रिक पद्धतीतही एक अडचण आहे. एकाच व्यासाच्या बोल्टसाठी चाकीची दोन मापे प्रचलित आहेत. एक जुन्या जर्मन प्रमाणाचे व दुसरे नंतरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे. ती पुढीलप्रमाणे :

बोल्टचा व्यास ६ मि.मी. : चाकी जुनी १०, नवी १०
बोल्टचा व्यास ८ मि.मी. : चाकी जुनी १३, नवी १३
बोल्टचा व्यास १० मि.मी. : चाकी जुनी १७, नवी १६
बोल्टचा व्यास १२ मि.मी. : चाकी जुनी १९, नवी १८
बोल्टचा व्यास १४ मि.मी. : चाकी जुनी २२, नवी २१
बोल्टचा व्यास १६ मि.मी. : चाकी जुनी २४, नवी २४

शेतीच्या यंत्रांवर सर्वाधिक वापरले जाणारे बोल्ट ८, १० व १२ मि.मी. व्यासाचे असतात, आणि घोटाळा नेमका १० व १२ मध्येच आहे. यंत्र आले तेव्हा त्यावर १७ ची चाकी असते. ती हरवली म्हणजे तालुक्याच्या दुकानातून आणलेली चाकी १६ ची निघते. आटे जुळतात, चाकी बसते आणि कोणास काही वेगळे जाणवत नाही. त्यातच १६-१७ हा बाजारातील एकच दुतोंडी पाना आहे. त्याची दोन्ही तोंडे पाहताक्षणी सारखी दिसतात. चिखलात, घाईत, संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात चुकीचे तोंड लागते आणि कोपरा जातो. १८-१९ चीही गोष्ट अशीच. यावर साधा उपाय असा की, दुतोंडी पान्याच्या मोठ्या तोंडाजवळ दांड्यावर लाल रंगाचा पट्टा मारावा. म्हणजे हातात घेताक्षणी तोंड ओळखू येईल.

पान्याच्या रचनेतील सुधारणा

पान्याचा आकार आज जसा आहे तसा तो एकाएकी झालेला नाही. अडचण येत गेली तसतशी त्यात सुधारणा होत गेली. त्या सुधारणांची कारणे समजली म्हणजे कोणता पाना कोठे वापरावा हे आपोआप कळते.

(१) तिरपे तोंड : फिक्स पान्याचे तोंड दांड्याशी सरळ नसून सामान्यतः १५ अंशांनी तिरपे असते. सहा बाजूंची चाकी पुन्हा पकडण्यासाठी पाना ६० अंश फिरवावा लागतो. यंत्राच्या अडचणीच्या जागी एवढी हालचाल होत नाही. तिरप्या तोंडाचा पाना प्रत्येक वेळी उलटा करून लावल्यास ३० अंशांच्या हालचालीतही चाकी फिरविता येते. पुष्कळ लोक पाना उलटा करीत नाहीत आणि जागा पुरत नाही म्हणून छिन्नी उचलतात.

(२) रिंग पाना : फिक्स पाना दोन कोपऱ्यांवर जोर देतो. रिंग पाना चाकीला सर्व बाजूंनी वेढतो आणि तोच जोर सहा कोपऱ्यांवर वाटतो. वर दिलेल्या उदाहरणात एका कोपऱ्यावरील ४५० किलोंचा भार रिंग पान्याने सुमारे १५० किलोंवर येतो. शिवाय रिंग फाकत नाही. म्हणून घट्ट बसलेली चाकी सोडविण्याचा पहिला आणि आवळण्याचा शेवटचा झटका रिंग पान्यानेच द्यावा. मधल्या फेऱ्यांसाठी फिक्स पाना सोयीचा असतो.

(३) सहा कंगोरे व बारा कंगोरे : बारा कंगोऱ्यांची रिंग दर ३० अंशांवर चाकी पकडते, म्हणून अरुंद जागी उपयोगी पडते. सहा कंगोऱ्यांची रिंग किंवा बॉक्स पाना चाकीच्या बाजूंना अधिक रुंदीवर टेकतो, म्हणून झिजलेल्या चाकीला तोच चालतो. १९६०च्या दशकापासून काही कारखान्यांनी रिंगच्या आतील कंगोऱ्यांना किंचित गोलाई देऊन जोर कोपऱ्याऐवजी त्याच्या अलीकडच्या सपाट भागावर पडेल अशी रचना केली. आज अशा रचनेचे पाने सर्वत्र मिळतात. विकत घेताना रिंगच्या आत निरखून पाहावे. आतील कोन धारदार नसून खोलगट व गोलसर असतील, तर तो पाना पसंत करावा.

(४) स्क्रू पाना : ज्याचा जबडा स्क्रू फिरवून लहान-मोठा करता येतो, असा पाना स्वीडनमधील योहान पेटर योहान्सन यांनी १८९१-९२ च्या सुमारास आजच्या स्वरूपास आणला. एकच साधन अनेक मापांस लागू पडत असल्यामुळे गावोगावी त्याचा प्रसार झाला. तथापि त्याचा हलता जबडा थोडा ढिला राहतोच, आणि जोर वाढताच तो मागे सरतो. त्याचा उपयोग नळाच्या जोडण्या धरण्यासाठी किंवा बोल्टचे डोके अडवून ठेवण्यासाठी करावा. घट्ट चाकी सोडविण्यासाठी करू नये. वापरणे भागच पडल्यास, ओढण्याचा जोर स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूने तो लावावा आणि चाकीवर चढविल्यानंतर स्क्रू पुन्हा एकदा घट्ट करावा.

(५) दांडा : पातळ कडांचा दांडा तळहातात रुततो, त्यामुळे माणूस पूर्ण जोर लावू शकत नाही व झटके देऊ लागतो. झटक्याने पाना निसटतो आणि बोटांची सालटी निघतात. कडा गोलसर व हाताला भरीव लागणारा दांडा निवडावा. पाना नेहमी स्वतःकडे ओढावा. ढकलणे भागच असेल तर मूठ न वळता उघड्या तळहाताने ढकलावा, म्हणजे पाना निसटला तरी बोटे लोखंडावर आदळत नाहीत.

पाने विकत घेताना भारतीय मानकाची खूण पाहावी. फिक्स पान्यांसाठी आय.एस. २०२८ व रिंग पान्यांसाठी आय.एस. २०२९ ही मानके आहेत. १९४७ साली स्थापन झालेली भारतीय मानक संस्था १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो या नावाने काम करते. आठवडी बाजारातील बिननावाचा पाना स्वस्त मिळतो, परंतु त्याचा जबडा नरम असल्यास काही दिवसांतच फाकतो आणि मग तो १६ चा असूनही १७ चे काम करतो.

दांडा किती लांब असावा

पान्याची लांबी त्याच्या मापाबरोबर वाढत जाते, हे सहेतुक आहे. लहान बोल्टला थोडा जोर पुरतो, म्हणून त्याचा पाना आखूड असतो. दांड्यावर लोखंडी नळी चढवून लांबी वाढविण्याची जी पद्धत आहे, ती या कारणाने घातक ठरते.

बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. ते बोल्टचे बळ दर्शवितात. पहिला आकडा ८ असल्यास तो बोल्ट दर चौरस मि.मी.ला सुमारे ८० किलो ताणाला तुटतो. ४ असल्यास सुमारे ४० किलोला. १० मि.मी. व्यासाचा ४.६ चा बोल्ट २० सें.मी. लांबीच्या पान्याने आवळताना टोकाशी सुमारे १० किलो जोर पुरतो. तोच बोल्ट ८.८ चा असेल तर सुमारे २५ किलो लागतो. आता त्या पान्यावर नळी चढवून लांबी ६० सें.मी. केली आणि २० किलो जोर लावला, तर ८.८ चा बोल्टही तुटण्याच्या मर्यादेपलीकडे जातो. ४.६ चा बोल्ट तर त्याच्या निम्म्यानेही तुटेल. आट्यांना ग्रीस लावले असल्यास याहूनही कमी जोर पुरतो, हे विसरू नये.

बोल्ट बदलताना डोक्यावरील आकडा जुळवावा. रोटाव्हेटरच्या दांड्यावर जो मुद्दाम तुटण्यासाठी ठेवलेला बोल्ट असतो, त्याच्या जागी अधिक बळकट बोल्ट कधीही घालू नये. तो तुटतो म्हणूनच आतील महागाचे दंतचक्र वाचते.

गावातच करता येण्याजोग्या सुधारणा

पाना सुधारण्याचा एक मार्ग कारखान्यातून जातो, तर दुसरा यंत्राच्या जोडणीतून. हा दुसरा मार्ग गावातील लोहार व वेल्डिंगचे काम करणारे कारागीर यांच्या आवाक्यात आहे.

पहिली सुधारणा : एका यंत्रावरील चाक्यांची मापे कमी करावीत. मळणी यंत्राच्या पत्र्यांवर व जाळ्यांवर वेळोवेळी मिळेल तो बोल्ट घातल्यामुळे १३, १६, १७, १८ आणि १९ अशा सर्व मापांच्या चाक्या जमा होतात. हंगामापूर्वी एकदाच या सर्व बदलून १० मि.मी. बोल्टांच्या चाक्या एकाच मापाच्या व १२ मि.मी. बोल्टांच्या चाक्या एकाच मापाच्या कराव्यात. चाक्यांस लागणारा खर्च थोडा आहे, आणि त्यानंतर दोन-तीन पान्यांत सर्व यंत्र उघडता येते. मात्र इंजिन व गिअर पेटीच्या आतील बोल्टांना हात लावू नये.

दुसरी सुधारणा : एका माणसाला चाकी आवळता यावी अशी सोय करावी. बोल्टचे डोके फिरू लागले की दुसऱ्या बाजूने दुसरा पाना धरणारा माणूस लागतो. नांगराच्या फाळाला चौकोनी मानेचे बोल्ट असतात. मान चौकोनी छिद्रात अडकत असल्यामुळे डोके फिरत नाही व एकच पाना पुरतो. हीच युक्ती इतर अवजारांवर करता येते. डोक्याच्या सपाट बाजूला लागून सांगाड्यावर लोखंडी पट्टीचा एक लहान तुकडा वेल्ड करावा. पट्टी सांगाड्यावरच जोडावी, बोल्टच्या डोक्यावर नव्हे. बळकट बोल्ट वेल्डिंगच्या उष्णतेने आपले बळ गमावतो.

तिसरी सुधारणा : ज्या अवजाराला एकच माप वारंवार लागते, त्याचा रिंग पाना साखळीने त्या अवजारालाच बांधून ठेवावा. उदाहरणार्थ, पॉवर टिलरची जाळीची चाके. फिरणाऱ्या भागापासून तो दूर असावा.

चौथी सुधारणा : मळणी यंत्र व पंप हादरे देतात, म्हणून त्यांच्या चाक्या ढिल्या होतात. अशा जागी स्प्रिंग वायसर घालावा किंवा एकावर एक दोन चाक्या आवळाव्यात. पट्ट्यावरील संरक्षक जाळीच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक आहे. पाना सापडत नाही म्हणून जाळी न बसविता मळणी चालू केल्याने हात गमावण्याची वेळ येते. मळणी यंत्रावरील अशा अपघातांमुळेच धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ करावा लागला. जाळीची चाकी गोल होऊ न देणे हे मजुराचा हात वाचविण्याचे काम आहे.

गंजून बसलेली चाकी

चिखलणीनंतर यंत्र न धुता ठेवल्यास आट्यांत चिखल वाळतो व गंज चढतो. अशी चाकी सोडविताना पुढील क्रम पाळावा :

(१) इंजिन बंद करावे. विद्युत्‌ पंप असल्यास मुख्य बटण बंद करावे.
(२) उघडे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. चिखल भरलेल्या आट्यांवरून चाकी ओढल्यास आटे जातात.
(३) चाकीच्या दोन्ही बाजूंस रॉकेल किंवा डिझेल सोडावे आणि शक्य असल्यास रात्रभर मुरू द्यावे.
(४) चाकीच्या एका सपाट बाजूस जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोड्याने हलके ठोके द्यावेत.
(५) रिंग पान्याने प्रथम किंचित आवळावे, मग सोडवावे. गंजाचा थर मोडला की चाकी हलते.
(६) तरीही न हलल्यास चाकी तापवावी. मात्र इंधनाची टाकी, रबर व बेअरिंग यांच्याजवळ ज्योत नेऊ नये, आणि रॉकेल-डिझेल पूर्ण पुसल्याशिवाय तापवू नये.
(७) शेवटचा उपाय म्हणून चाकी छिन्नीने फोडावी. बोल्ट वाचवावा, चाकी जाऊ द्यावी.

पुन्हा बसविताना आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि चाकी प्रथम हाताच्या बोटांनी तीन-चार फेरे फिरवावी. बोटांनी न चढणारी चाकी पान्याने चढवू नये. ती तिरपी बसत आहे किंवा तिचे आटे निराळे आहेत असे समजावे.

गावासाठी पान्यांची पेटी

प्रत्येक शेतकऱ्याने सर्व पाने घेणे आवश्यक नाही. एका शेतकरी गटाने किंवा भाड्याने यंत्रे देणाऱ्या केंद्राने पुढील पेटी ठेवल्यास गावाचे काम भागते : ६-७ पासून २०-२२ पर्यंतचे आठ दुतोंडी फिक्स पाने, १३, १६, १७, १८, १९ व २४ या मापांच्या रिंग असलेले पाने, एक मध्यम स्क्रू पाना, एक-एक किलोचे दोन हातोडे, तारेचा ब्रश, आणि ८, १० व १२ मि.मी.चे काही जादा बोल्ट, चाक्या व स्प्रिंग वायसर. नेहमीच्या संचात २१ चे तोंड नसते. यंत्रावर १४ मि.मी.चे नवे बोल्ट असतील तर २१ चा पाना वेगळा घ्यावा. पेटीच्या झाकणावर आत प्रत्येक यंत्राचे नाव व त्यावरील चाक्यांची मापे रंगाने लिहून ठेवावीत.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे मे अखेरपर्यंत, हे प्रात्यक्षिक प्रत्येक गावी घ्यावे. धान कापणीनंतर मळणी सुरू होण्यापूर्वी ते पुन्हा घ्यावे.

लाकडी फळीत १० मि.मी.चा बोल्ट पक्का बसवून त्यावर १६ ची चाकी आवळावी. फळीवर पाने टेकतील तेथे मोजपट्टी ठेवावी. प्रथम १६ चा पाना चढवून टोकाची हालचाल मोजावी, नंतर १७ चा, आणि शेवटी स्क्रू पाना. तिन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. मग नवी चाकी बसवून १७ च्या पान्याने दहा वेळा आवळून सोडवावे व तिचे कोपरे सर्वांना बोटांनी चाचपून पाहण्यास द्यावेत. त्याशेजारी १६ च्या रिंग पान्याने तितक्याच वेळा फिरविलेली चाकी ठेवावी. शब्दांनी जे समजत नाही ते या दोन चाक्या समजावून देतात. प्रात्यक्षिकात महिला शेतकऱ्यांना अवश्य सहभागी करून घ्यावे. अनेक घरी पंप तेच चालवितात, आणि योग्य रिंग पाना हाती असल्यास थोड्या जोरातही चाकी सुटते. ज्या गावांत माडिया किंवा गोंडी बोलली जाते, तेथे ती भाषा जाणणाऱ्या तरुणाकडून हे समजावून द्यावे.

शेतीतील मोठ्या सुधारणा पुष्कळदा मोठ्या खर्चाच्या असतात. ही सुधारणा तशी नाही. पाना चढविल्यावर टोक किती हलते ते पाहणे, यासाठी पैसा लागत नाही. मात्र रोवणीच्या ऐन दिवसांत यंत्र बांधीत चालत राहील की धुऱ्यावर उभे राहील, हे पुष्कळदा तेवढ्यावरच ठरते.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) १६ च्या चाकीवर १९ च्या पान्यापेक्षा १७ चा पाना अधिक नुकसान का करतो?
(२) आपल्या गावातील मळणी यंत्रावर किती मापांच्या चाक्या आहेत? त्या किती मापांत आणता येतील?
(३) फिक्स पान्याचे तोंड तिरपे का असते, आणि त्याचा लाभ कसा घ्यावा?
(४) बोल्टच्या डोक्यावरील ४.६ व ८.८ या आकड्यांचा अर्थ काय? आपल्या यंत्रावर कोणते आकडे आढळतात?
(५) पान्याच्या दांड्यावर नळी चढवू नये, याचे कारण उदाहरणाने सांगा.